मदत हवी आहे: पोळा झाला की कुत्र्याला खाज सुटते, दिवाळीनंतर थांबते

चोपडा_मळा:
लॅब्रडॉर, नर, वय ३ वर्षे, वजन २८ किलो. राहतो शेतातल्या घरी. गेल्या वर्षी पोळ्यानंतर खाज सुरू झाली आणि थंडी पडली तशी थांबली. यंदा पुन्हा तेच. पुढचे पंजे चाटून चाटून तांबूस झालेत, कान सारखे हलवतो, काखेत आणि पोटावर लाली आहे. इंजेक्शन दिलं की दोन-तीन आठवडे बरं, मग परत खाज. खाणं भाकरी-दूध आणि अंडी, त्यात काही बदल नाही. बांधावर गाजरगवत भरपूर आहे. ही अ‍ॅलर्जीच का? घरी काय करता येईल?

तापीकाठ:
भाऊ, पंजे, काख, पोट आणि कान या जागा हवेतल्या अ‍ॅलर्जीच्या आहेत. बहुतेक कुत्र्यांत ती ६ महिने ते ३ वर्षे या वयात पहिल्यांदा दिसते. खाण्याची अ‍ॅलर्जी असती तर खाज बारमाही राहिली असती. तरी आधी दोन गोष्टी बाजूला काढा.

पहिली पिसू. कंबर, शेपटीचं मूळ आणि मांड्यांची मागची बाजू खाजवत असेल तर संशय पिसवांवरच. बारीक दातांच्या फणीने केस विंचरा आणि निघालेला काळा कचरा ओल्या पांढऱ्या कागदावर टाका. त्याभोवती तांबडा डाग पसरला तर ती पिसवांची विष्ठा, म्हणजे पचलेलं रक्त. पिसू दिसली नाही तरी औषध द्याच, कारण ज्याला पिसवांच्या लाळेचीच अ‍ॅलर्जी आहे त्याला थोडेसे चावेही पुरतात. फ्लुरालेनरची चघळायची गोळी पिसवांवर १२ आठवडे चालते, अफॉक्सोलेनरची महिनाभर. कधी फिट आली असेल तर ते डॉक्टरांना आधी सांगा, या गटातली औषधं अशा कुत्र्याला जपून द्यावी लागतात.

दुसरी खरूज. कानाच्या कडा आणि कोपरं खरबरीत झाली असतील, घरातल्या माणसांनाही खाज येत असेल, तर त्वचा खरवडून तपासून घ्या. एकदा काही सापडलं नाही म्हणून खरूज नाही असं मात्र धरू नका, तो किडा नमुन्यात बऱ्याचदा येत नाही.

गुरांवर मारायचं गोचिडाचं औषध, जळकं ऑईल, रॉकेल यातलं काहीही अंगाला लावू नका. कुत्रा ते चाटतो आणि विष पोटात जातं.

धुळे_पशुवैद्य:
इंजेक्शनने दबते आणि परत येते, याचं एक कारण संसर्ग असतं. चाटलेला पंजा ओला राहतो, पावसाळी दमट हवेत त्यावर यीस्ट (एक प्रकारची सूक्ष्म बुरशी) वाढतं, आणि मग यीस्टचीच वेगळी खाज सुरू होते. बोटांच्या मधे वास घेऊन बघा. आंबूस, कुबट वास आणि तेलकटपणा असेल तर यीस्टचा संशय धरा. पारदर्शक चिकटपट्टी त्वचेवर दाबून, रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली की लगेच कळतं. ही तपासणी मागून घ्या.

यीस्टवर २% क्लोरहेक्सिडिन आणि २% मायकोनॅझोल असलेला शाम्पू, आठवड्यातून दोनदा, ३ ते ४ आठवडे. फेस लगेच धुऊन टाकतात, म्हणून गुण येत नाही. घड्याळ लावून १० मिनिटं अंगावर ठेवा. पाणी थंडच घ्या, गरम पाण्याने खाज वाढते. नंतर बोटांच्या मधली जागा सुती कापडाने कोरडी करा.

कान आतून पाहून घेतल्याशिवाय त्यात काही घालू नका. पडदा फाटला असेल तर काही औषधांनी ऐकू येणं जाऊ शकतं. काडीने मळ आणखी आत ढकलला जातो.

खाजेच्या गोळ्यांत ऑक्लासिटिनिब लवकर लागू पडते. मात्रा दर किलोला ०.४ ते ०.६ मिग्रॅ, सुरुवातीला दिवसातून दोनदा, तीही जास्तीत जास्त १४ दिवस, पुढे एकदाच. १२ महिन्यांखालच्या पिल्लाला किंवा मोठा संसर्ग असताना ती देत नाहीत, म्हणून संसर्गाचा बंदोबस्त आधी. प्रेडनिसोलोन (स्टेरॉइडची गोळी) चालू असेल तर एकदम तोडू नका, डॉक्टर सांगतील तसं कमी करत आणा. तहान आणि लघवी वाढली तर ती त्याच औषधाने. सेटिरिझिन ही माणसांची अ‍ॅलर्जीची गोळी काहींनाच लागू पडते. सर्दीच्या ज्या गोळ्यांत स्यूडोएफेड्रिन असतं त्या कुत्र्याला घातक आहेत, तेव्हा मेडिकलवरून ‘अ‍ॅलर्जीची गोळी’ एवढंच सांगून काही आणू नका.

चोपडा_मळा:
वास येतो, आंबूसच. पिसवांची तपासणी आजच करतो. गाजरगवताचं काय करू? आणि तो ओसरीत कापसाच्या ढिगावर झोपतो, ते चालेल का?

तापीकाठ:
कापसावरून आधी उठवा. घरात साठवलेल्या कापसात धूळ बसते, आणि पावसाळ्यात धुळीतले सूक्ष्म किडे वाढतात. तीही या रोगाची मोठी कारणं आहेत. झोपायला जाड सुती गोधडी द्या, आठवड्याला कडक गरम पाण्यात धुवा आणि उन्हात वाळवा.

गाजरगवत फुलण्याआधी मुळासकट उपटा, हातमोजे घालून आणि नाक-तोंड बांधून, कारण माणसालाही त्याने त्वचेचा त्रास होतो. कुत्र्याला त्या वेळी बांधून ठेवा. फुलं आलेलं गवत झटकलं तर परागकण सगळीकडे पसरतात. सगळा बांध साफ होणार नाही, ताई-भाऊ सगळे कपाशीत अडकलेले असतात हे माहीत आहे. निदान घराभोवतीचा आणि त्याच्या रोजच्या वाटेवरचा पट्टा तरी मोकळा करा. फिरून आला की पंजे आणि पोट साध्या पाण्याने धुऊन कोरडं करा, रोज.

कपाशीवर फवारणी झाली त्या दिवशी शेतात नेऊ नका. लाळ गळणं, उलटी, थरथर दिसली तर ती विषबाधा. औषधाचा डबा सोबत घ्या आणि तडक दवाखाना गाठा.

धुळे_पशुवैद्य:
पुढच्या वर्षी खाज सुटण्याची वाट पाहू नका. पिसवांचं औषध जूनपासून अखंड ठेवा. ओमेगा-३ चा (माशाच्या तेलातल्या स्निग्ध घटकाचा) गुण दिसायला ६ ते ८ आठवडे लागतात, तेव्हा ते आषाढातच सुरू करा. पंजे धुणं पहिल्या पावसापासून. कुठल्या महिन्यात कोणत्या जागी खाज, हे वहीत लिहून ठेवा. खाज वर्षभर राहू लागली तर ८ आठवडे त्याने आधी कधीच न खाल्लेलं एकच प्रथिन देऊन आहाराची चाचणी घ्यावी लागेल, आणि त्या काळात दूध, अंडी, बिस्किट पूर्ण बंद.

सध्या मात्र पुढचं इंजेक्शन घेण्याआधी चिकटपट्टीची तपासणी करून घ्या. निकाल आणि पंजाचा जवळून काढलेला फोटो इथे टाका.