इलेक्ट्रो ३५ विकत घेऊ की काकांचा झेनिट चालू करू? (गोव्याच्या दमट हवेत फिल्म कॅमेरे वापरणारे कोणी आहात का)

कुळागरवाला

नमस्कार मंडळी. फिल्म कॅमेऱ्यातलं मला ओ की ठो कळत नाही हे आधीच सांगतो. झालं असं की मे महिन्यात फोंड्याला थोरल्या काकांच्या घरी माळा साफ करताना चामड्याची एक पेटी हाताला लागली, वास असा की पावसात भिजलेली वहाण, आणि आत झेनिट-ई. काका बोटीवर होते, ओडेसाला बोट लागली तेव्हा घेतला म्हणतात. पुढे मॉस्को ऑलिंपिकची खूण आहे म्हणजे १९८० च्या आसपासचा असणार. लेन्स हेलिओस ४४-२. शटर दाबलं तर असा खाडकन आवाज आला की ओट्यावरचं मांजर पळालं. पण लेन्समधून मोबाइलचा टॉर्च मारला तर कडेला कोळ्याच्या जाळ्यासारखे पांढरे धागे दिसतात. काका म्हणाले फेकून दे रे ते, नुसतं लोखंड आहे.

आता दुसरी गोष्ट. गेल्या शुक्रवारी म्हापशाच्या बाजारात एकाकडे याशिका इलेक्ट्रो ३५ जीएसएन बघितला. काय देखणा आहे हो! साडेसात हजार सांगतोय. म्हणतो एकदम चालू आहे, फक्त सेल नाही, आणि माझ्यासमोर चार वेळा क्लिक करून दाखवला.

बजेट सगळं मिळून दहा हजार. चवथीला (गणपतीला) सगळं घर जमतं तेव्हा घरच्यांचे फोटो काढायचेत, मोबाइलवर हजार काढून एकही परत न बघण्यापेक्षा छत्तीसच काढू पण नीट काढू असं डोक्यात आलंय. काय करू?

पोफळी_आणि_प्रकाश

थांब थांब, साडेसात देऊ नकोस अजून. माझ्याकडे दोन इलेक्ट्रो आहेत, त्यातला एक मी असाच क्लिक ऐकून घेतला होता आणि तो आता पुस्तकं टेकवायला वापरतो.

त्याचं काय आहे, इलेक्ट्रोचं शटर सेल नसतानाही उडतं, पण मग ते एकाच स्पीडला म्हणजे १/५०० सेकंदाला उडतं. म्हणून क्लिक झाला म्हणजे चालू आहे असं अजिबात नाही, उलट सेल नाही म्हणणारा विकणारा दिसला की माझे कान टवकारतात. तू स्वतः सेल घेऊन जा. याचा मूळ सेल ५.६ व्होल्टचा पाऱ्याचा होता, तो कधीच बंद झाला, आता ६ व्होल्टचा ४एलआर४४ चालतो, फक्त तो बारीक आणि आखूड आहे म्हणून भोवती पुठ्ठ्याची गुंडाळी आणि टोकाला स्प्रिंग किंवा फॉइलचा बोळा. एवढ्या फरकाने एक्सपोजर बिघडत नाही, मी पाच वर्षं तसाच वापरतोय.

सेल घालायच्या आधी खालचं झाकण उघडून आत हिरवट बुरा आहे का बघ. तो असेल आणि वायरीपर्यंत गेला असेल तर नमस्कार करून ये. नसेल तर सेल घालून मागचं बटण दाब, फ्रेम मोजणारी खिडकी उजळली पाहिजे. मग ॲपर्चर (लेन्सचं भोक, आकडा लहान तितकं भोक मोठं) १.७ वर ठेवून आभाळाकडे धरून शटर अर्धवट दाब, लाल दिवा लागला पाहिजे म्हणजे उजेड जास्त. मग १६ वर ठेवून दुकानाच्या अंधाऱ्या कोपऱ्याकडे धर, पिवळा लागला पाहिजे, आणि पूर्ण दाबलंस की शटर उघडंच राहून जरा वेळाने बंद व्हायला हवं. दोन्हीकडे आवाज सारखाच आला तर ते १/५०० वर अडकलंय.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, रोल पुढे सरकवायचा खटका ओढताना आत 'ठक्' असा एक जड आवाज येतो. तो यायलाच पाहिजे. आत एक रबराची गादी असते, ती वयाने विरघळून गेली की ठक् जातो आणि मग उजेड मोजणारं मीटर वेड्यासारखं वागतं. दुरुस्त होतं, पण त्यासाठी कॅमेरा बराच उघडावा लागतो आणि ते करणारा माणूस आपल्याकडे शोधायचा म्हणजे दिवाळी उजाडेल.

हे सगळं नीट असेल तर मात्र घे. ४५ एमएमची ती याशिनॉन लेन्स, विशेष म्हणजे संध्याकाळी घरातल्या पिवळ्या उजेडात, काय फोटो देते! आवाज तर इतका हळू की आरती चालू असताना काढलास तरी कोणी मान वळवणार नाही.

जुना_डार्करूमवाला

मडगावात पंचवीस वर्षं स्टुडिओ चालवला, आता नाही. म्हणून थोडं बोलतो.

बाळा, तू दोन कॅमेऱ्यांत निवड करतोयस, पण तुझा खरा शत्रू दोन्हीकडे एकच आहे, हवा. आपल्याकडे वर्षाला साधारण ३००० मिलिमीटर पाऊस पडतो आणि जून ते सप्टेंबर भिंतीसुद्धा घाम फोडतात. जपानी असो, जर्मन असो, रशियन असो, गोव्यात कॅमेरा म्हातारा होऊन मरत नाही, बुरशीने मरतो. एकसष्टच्या आधी पोर्तुगीज अमलात इथे बाहेरचा माल मोकळेपणाने यायचा, त्यामुळे जुन्या घरांतून एकेक सुंदर जर्मन कॅमेरे होते, नंतर बोटीवरच्या आणि गल्फातल्या लोकांनी जपानी आणले. लोक ते माझ्याकडे घेऊन यायचे. दहातले सात चामड्याच्या पेटीत, कपाटाच्या तळाशी, लुगड्यांखाली ठेवलेले. जीव लावून ठेवलेले, आणि त्यानेच गेलेले. चामडं पाणी धरतं, अंधार असतो, हवा खेळत नाही, बुरशीला आणखी काय पाहिजे? ती पेटी आजच कॅमेऱ्यापासून वेगळी कर, आठवण म्हणून भिंतीला टांग हवी तर.

तुझ्या हेलिओसची बुरशी कडेला आहे म्हणतोस तर घाबरू नकोस. कडेचे दोन-चार धागे फोटोत दिसत नाहीत, फार तर उजेडाकडे तोंड करून काढलास तर जरा धुरकट येईल. साफ करता येते, ती लेन्स उघडायला सोपी आहे, पण बुरशी कोटिंग खाऊन काचेत उतरली असेल तर पुसल्यावरही तिचा ठसा राहतो. तेव्हा आधी एक रोल काढ, मग खर्चाचं ठरव. लोक उलटं करतात.

झेनिटचं एक सुख आहे, त्याला सेलच लागत नाही. वरचं मीटर सेलेनियमचं, उजेडावर चालतं, मेलेलं असलं तरी अडत नाही. शटर १/३० ते १/५०० आणि बी (बटण दाबलेलं असेपर्यंत उघडं), बस. २०० आयएसओचा रोल घाल, लख्ख उन्हात ॲपर्चर १६ वर, शटर १/२५०, ढगाळ असेल तर ८ वर, माडाच्या सावलीत ५.६ वर. आम्ही असंच शिकलो. निगेटिव्हला उजेड जरा जास्त झाला तर ती पोटात घालते, कमी झाला तर माफ करत नाही, एवढं ध्यानात ठेव.

पिक्सेलभाट

मी सरळ सांगू का, राग मानू नका. एक रोल, त्याचं डेव्हलपिंग, स्कॅनिंग, मुंबई-बेंगळुरूला कुरिअर, असे वर्षाला दहा रोल केलेस तर कॅमेऱ्याच्या दुप्पट पैसे गेले. हेलिओस काढ, तिच्या एम४२ आट्यांचा ॲडाप्टर हजाराच्या आत येतो, कोणाचा तरी फुजी किंवा सोनी मिररलेस माग आणि त्यावर लाव. तीच लेन्स, तोच गरगरीत बोके (मागचा धूसर भाग), फुकट. फिल्म म्हणजे आता हौस आहे, तेही इन्स्टावर टाकायची.

पोफळी_आणि_प्रकाश

पात्रांव, अर्धं बरोबर आहे तुझं. खर्चाचं मान्य. पण 'तोच बोके' नाही. हेलिओसची मागची पानं गोल फिरल्यासारखी दिसतात ना, ते फ्रेमच्या कडांना होतं, कारण २ वर पूर्ण उघडी असताना कडेकडून येणारा उजेड लेन्सच्या गोलाईने कापला जातो आणि ठिपके गोल न राहता लिंबाच्या फोडीसारखे होतात. फुजीचा सेन्सर लहान, तो नेमक्या त्या कडाच कापून टाकतो आणि ५८ ची लेन्स ८७ सारखी होऊन बसते. फुल फ्रेम (फिल्मएवढा सेन्सर) सोनीवर लाव नाहीतर ३५ एमएम फिल्मवर, तरच ती मजा. आणि कोणाकडे निकॉनचा डीएसएलआर असेल तर त्याच्या नादी लागूच नका, साध्या ॲडाप्टरने लांबचं फोकसच होत नाही, बॉडी एक मिलिमीटरने जाड पडते.

कुळागरवाल्या, तुझ्या नावातच उत्तर आहे बघ. कुळागरात, म्हणजे पोफळीच्या बागेत, पानांतून उन्हाचे कवडसे पडतात तिथे काकांना उभं कर, पाठीमागे चार-पाच मीटर झाडी राहू दे, दीड मीटरवरून २ वर काढ. हेलिओस त्याच्यासाठीच जन्माला आलीय.

पिक्सेलभाट

बरं बाबा, लेन्सचं हरलो. पैशाचं नाही.

आल्तिन्यावरची

मी घरी ब्लॅक अँड व्हाइट धुते त्यामुळे पिक्सेलभाटचा हिशेब निम्म्यावर येतो. अंधारी खोली लागत नाही, रोल टाकीत भरेपर्यंतच अंधार हवा, मी रात्री कपाटात हात घालून वर चादर पांघरून भरते, नवऱ्याला वाटलं होतं मला काहीतरी झालंय 😅. एचपी५ फिल्म डी-७६ डेव्हलपरमध्ये २० डिग्रीला साडेसात मिनिटं. पण आपल्या नळाचं पाणीच एप्रिलमध्ये तिसाच्या जवळ! म्हणून डेव्हलपरची बाटली बर्फाच्या पातेल्यात, शेजारी थर्मामीटर, फिक्सर आणि धुवायचं पाणीसुद्धा त्याच्या आसपास आणायचं, नाहीतर फिल्मचा थर सुरकुततो. कलरला उलटं, ते ३८ ला असतं, आपल्या हवेला सोपं वाटतं पण अर्धा डिग्री इकडे तिकडे झालं की रंग बिघडतात, ते मी लॅबलाच पाठवते. विमानाने जाणार असलात तर मोपा असो की दाबोळी, रोल हातात धरून हाताने तपासा म्हणून विनंती करायची, नवीन सीटी मशीनमधून गेला तर रोल धुरकटतो.

आणि ठेवण्याबद्दल, कृपा करून तांदळात ठेवू नका. माझ्या सासूबाईंनी प्रेमाने ठेवला होता, दुसऱ्या दिवशी फोकसच्या रिंगमध्ये पीठ. रबराची कड असलेला हवाबंद डबा, सिलिका जेलच्या पुड्या आणि आत शंभर-दोनशे रुपयांचा आर्द्रतामापक, काटा ४० ते ५० मध्ये राहिला की झोप लागते. जेल निळं असतं ते गुलाबी झालं की पाणी प्यायलं समजायचं, तव्यावर मंद आचेवर परत निळं होतं पण तो तवा पुन्हा पोळ्यांना वापरायचा नाही. आणि महिन्यातून एकदा बाहेर काढून वापरा हो, डब्यातच ठेवायचा तर माळा काय वाईट होता.

कुळागरवाला

उशिरा लिहितोय, चवथ झाली, पाहुणे गेले, आत्ता कुठे हात मोकळे झाले.

म्हापशाला गेलो होतो सेल खिशात घालून. झाकण उघडायलाच तो कुरकुरला, "कित्याक उगडटा, नवो आसा." नवा! आत हिरवंगार, कुळागरातल्या दगडावर शेवाळ असतं तसं. तरी सेल घालून बघितला, एकही दिवा नाही, खटका ओढला तर ठक् पण नाही. लगेच चार हजार म्हणाला, निघायला लागलो तर अडीच. घेतला नाही, पण खोटं कशाला बोलू, अडीचला हात खिशाकडे गेला होता.

मग झेनिटमध्ये कलरचा २०० चा रोल घातला. पहिले आठ-दहा फोटो दिवाडीच्या फेरीबोटीत काढले, त्यातले चार हललेले, ऊन असून मी १/३० वर ठेवला होता. चवथीला ओट्यावर माटोळी (गणपतीवर टांगतात ती फळापानांची चौकट) बांधताना, आत्या नेवऱ्या तळताना, असे काढले. डार्करूमवाले काका, तुम्ही सांगितल्यासारखं आधी रोल काढला, लेन्स अजून उघडलेली नाही, आणि धागे खरंच कुठे दिसत नाहीत, फक्त समईसमोरच्या एका फोटोत सगळं दुधाळ आलंय, तो मला उलट आवडला.

आणि कुळागरातला काकांचा फोटो. पानं गरगर फिरतायत आणि मधे काका कपाळाला आठ्या घालून, कारण मी फोकस लावण्यात दोन मिनिटं घेतली. प्रिंट करून दिला. बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, ओडेसात घेतला तेव्हा पहिला फोटो जेट्टीवर बर्फाचा काढला होता, कुठे गेला कोण जाणे. आता म्हणतात पेटी फेकू नको हं.

एक प्रश्न राहिला. पंधरा-सोळा फ्रेमवर उजव्या कडेला नारिंगी पट्टा आलाय, सगळ्यांवर नाही, उन्हात काढलेल्यांवरच. लेन्सचं आहे की शटरचं?

जुना_डार्करूमवाला

दोन्हीचं नाही. उन्हातच येतो म्हणजे मागच्या झाकणाच्या सांध्यातून उजेड शिरतोय, बिजागरीच्या बाजूने. तिथलं काळं अस्तर झिजलं असणार. काळ्या लोकरीचा एक पेड घे, खाचेत टूथपिकने दाबून बसव, डिंक अगदी थेंबभर. लोकर मडगावच्या बाजारात विणकामाच्या दुकानात मिळेल. तोवर उन्हात काळी चिकटपट्टी लाव सांध्यावर.

फेरीतले हललेले चार फोटो फेकू नकोस. मला दाखव.

कुळागरवाला

देव बरें करूं काका. रविवारी मडगावला येतोच आहे, कॅमेरा घेऊन येतो.

पिक्सेलभाट

लोकरीचे किती झाले ते पण लिही, हिशेबात धरतो.