जिम्नीत डिझेल का नाही? ‘जमाना बदलला’ हे उत्तर पुरत नाही

कातळसडा
परवा इथे एकाने लिहिलं की मारुतीने डिझेल बंद केलं ते उत्तमच झालं, जिम्नीला, म्हणजे त्यांच्या छोट्या फोर-बाय-फोर (चारही चाकांना ताकद देणाऱ्या) गाडीला, डिझेल मागणारे जुन्या जमान्यात अडकलेत आणि त्यांचा सगळा हट्ट मायलेजच्या हावरेपणातून येतो. दोन दिवस गप्प बसलो. आता लिहितोच.

मारुतीने एप्रिल २०१९ मध्ये जाहीर केलं की १ एप्रिल २०२० पासून, म्हणजे बीएस-६ हे धुराचे कडक नियम लागू होताच, डिझेल गाड्या बंद. त्याच्या जेमतेम महिनाभर आधी त्यांनी सियाझमध्ये स्वतः घडवलेलं १.५ लिटरचं डिझेल दिलं होतं, २२५ एनएम टॉर्कचं (टॉर्क म्हणजे इंजिनाचा फिरवायचा जोर). म्हणजे इंजिन हातात होतं. आज जिम्नीत जे १.५ पेट्रोल आहे त्याचा टॉर्क १३४ एनएम, तोही ४,००० आरपीएमला. महिंद्राच्या थारचं २.२ डिझेल १,६०० पासूनच ३०० देतं. कारण काय सांगितलं? बीएस-६ साठी लागणाऱ्या यंत्रणेमुळे छोटं डिझेल इतकं महाग होईल की गिऱ्हाईक घेणार नाही. स्विफ्ट-बलेनोला हा हिशेब बरोबर आहे. पण तोच हिशेब फोर-बाय-फोरला लावला आणि विषय मिटवला, यावर माझा राग आहे.

आमच्याकडे एप्रिल-मे म्हणजे बागेतून आंबा काढायचे दिवस. जांभ्याच्या कातळावरून गाडी उतरवायची, मागे पेट्या रचायच्या आणि लाल मातीच्या चढणीवरून डांबरी रस्त्याला लागायचं. मध्येच एक वळण असं आहे की तिथे गाडी थांबवून पुन्हा उचलावीच लागते. पेट्रोल गाडीला तिथे आरपीएम चढवा, क्लच अर्धा सोडा, आणि वर पोचेपर्यंत जळक्या लायनरचा वास केबिनमध्ये. डिझेल तिथे नुसत्या क्लचवर उचलतं. यात हावरेपणा कुठे आला?

रिव्हर्सगिअर
तो ‘एकजण’ मीच. आकडे तुम्ही अर्धेच मांडलेत. टॉर्क चाकाला गिअरमधून मिळतो, लो रेंज (चढणीसाठीचा हळू, जास्त जोराचा गिअर) टाकली की तो वाढतो. क्लच जळत असेल तर लो रेंज टाकायला हवी होती, इंजिनाला दोष कशाला? जिम्नी १,२०० किलोच्या आसपास, थार तिच्याहून कितीतरी जड. चिखलात हलकी गाडी तरंगून निघते, जड गाडी आपल्याच वजनाने रुतते.

आणि मारुतीचीच जिप्सी विसरलात? १९८५ साली आली, भारतात तिला कंपनीने कधी डिझेल दिलं नाही, आणि लष्कराने तीच गाडी वर्षानुवर्षं डोंगरात वापरली. जानेवारी २०२५ मध्ये इथे बनलेली पाच दारांची जिम्नी जपानात ‘नोमाड’ नावाने गेली तेव्हा चार दिवसांत ५०,००० मागण्या आल्या, नोंदणी थांबवावी लागली. पेट्रोलवरच.

कातळसडा
जपानचंच घेऊ. त्याच जपानात टोयोटाने २०२३ च्या शेवटी लँड क्रूझर ७० परत आणली ती फक्त २.८ डिझेलमध्ये. आणि आपल्याकडे? थार रॉक्स २०२४ च्या १५ ऑगस्टला आली. पेट्रोल घेतलंत तर फक्त मागच्या चाकांना ताकद, फोर-बाय-फोर हवं तर डिझेलच घ्या. महिंद्राला जमिनीवरचं काही कळत नाही असं म्हणायचंय का तुम्हाला?

सुमेधा_नाशिक
मी स्वतः डिझेलवाली होते म्हणून बोलते. बीएस-६ डिझेल घेतली, कंपनीचं नाव लिहीत नाही. माझं चालवणं म्हणजे घर, शाळा, भाजी, आणि शनिवार-रविवारी कुठेतरी कच्च्या रस्त्यावर पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये. डीपीएफचा, म्हणजे धुरातली काजळी अडवणाऱ्या फिल्टरचा, दिवा लागायला लागला. सर्व्हिस सेंटरवाले म्हणाले, “मॅडम, हायवेवर एक चक्कर मारून आणा.” का, तर फिल्टरमधली काजळी जळायला एक्झॉस्ट सहाशे अंशांच्या आसपास तापावा लागतो, आणि रांगत्या गाडीत तो तेवढा तापत नाही. म्हणजे जी गाडी मी हळू चालवण्यासाठी घेतली ती धड राहावी म्हणून मी तिला मुद्दाम पळवायची.

आणखी एक गोष्ट ऑफरोडवाले बोलतच नाहीत. फेब्रुवारी-मार्चमध्ये आपल्या पठारांवर गुडघाभर वाळलेलं गवत असतं. फिल्टर जळणाच्या मधोमध असताना त्यावर गाडी उभी केलीत तर खाली वणवा पेटू शकतो. मॅन्युअलमध्ये इशारा असतो, वाचतं कोण? मी ती गाडी विकली. आता पेट्रोल, आणि सुखी.

कातळसडा
सुमेधाताई, गवताचं म्हणणं शंभर टक्के मान्य. फिल्टरचंही मान्य, पण माझी गाडी आठवड्याला दोनदा मुंबई-गोवा हायवेवर जाते, मला तो त्रास नाही. आणि पेट्रोलवाल्यांनी आता ई-२० वरही, म्हणजे २० टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलवरही, बोलावं. इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांश ऊर्जा कमी. २० टक्के मिसळलं की तेवढ्या प्रमाणात मायलेज जाणारच, आणि दर तोच. शिवाय इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं. कोकणात पावसाळाभर शेडमध्ये उभ्या राहणाऱ्या गाडीच्या टाकीचं काय होत असेल याचा विचार करा. उसाची सोय लावण्यासाठी आमच्या टाक्या कशाला?

वारणाकाठ
आलात शेवटी उसावर! गाडीत काही बिघडलं की ऊसवाला. एवढी वर्षं सगळं तेल परदेशातून आणून जाळलं तेव्हा कुणाच्या टाकीला त्रास झाला नाही. कारखान्याला इथेनॉलचे पैसे लवकर मिळतात, म्हणून आमची एफआरपी (उसाचा सरकारने ठरवलेला किमान दर) वेळेवर येते. आधी बिलासाठी कारखान्याच्या दारात बसावं लागायचं, ते तुम्ही बघितलंय का? वीकेंडला डोंगर तुडवायला जाणाऱ्यांनी आम्हाला शिकवू नये.

कातळसडा
मी वीकेंडला डोंगर तुडवत नाही, आंबा काढतो. वर लिहिलंय, वाचून बोला.

पोल्ट्रीवाला_सातारा
वारणाकाठ, तुमची एफआरपी आली ते छान. पण डिसेंबर २०२३ मध्ये सरकारने उसाच्या रसापासूनच्या इथेनॉलवर बंधनं घातली आणि सगळा भर मक्यावर गेला. तेव्हापासून खाद्याचा खर्च मला रात्री झोपू देत नाही. मका निर्यात करणारा देश २०२४ मध्ये बाहेरून मका आणायला लागला. कोंबड्या काय पेट्रोल पितात? मका, साखर, तांदूळ, सगळंच टाकीत ओतायचं ठरलं असेल तर तसं सरळ सांगा.

वारणाकाठ
मक्याला भाव मिळाला तर तोही शेतकऱ्यालाच मिळाला ना? खाद्य स्वस्त मिळावं म्हणून मकेवाल्याने मरावं? आणि बंधनं आली तेव्हा आमचेच कारखाने अडकले. कर्ज काढून डिस्टिलऱ्या उभ्या केल्या होत्या, त्या थंड पडल्या. ते दुःख तुम्हाला दिसलं नाही.

पोल्ट्रीवाला_सातारा
दिसलं. मीही शेतकरीच आहे, पिल्लांच्या आधी माझाही ऊसच होता. म्हणूनच सांगतो, धोरण दर हंगामाला फिरवणाऱ्याला धरा, मला नको.

वारणाकाठ
ते एक बरोबर बोललात. बाकी पटलेलं नाही.

रिव्हर्सगिअर
धागा इंजिनाचा आहे. ई-२० बद्दल एवढंच, एप्रिल २०२३ पासूनच्या मारुतीच्या गाड्या त्यासाठी बनवलेल्या आहेत आणि जिम्नी जून २०२३ ला आली. तिच्या रबरी नळ्यांची काळजी करायचं कारण नाही. मायलेज थोडं जातं, ते खरं आहे.

गुडगावकर
मूळचा चिपळूणचा, नोकरी इकडे. तुम्ही टॉर्क मोजा, मी वर्षं मोजतो. एनजीटीने (राष्ट्रीय हरित लवादाने) २०१५ मध्ये दिल्ली परिसरात दहा वर्षांवरची डिझेल गाडी बंद म्हटलं, सुप्रीम कोर्टाने २०१८ मध्ये ते कायम केलं. जेमतेम झिजलेली, नीट सांभाळलेली डिझेल एसयूव्ही मी मिळेल त्या भावाला परराज्यात विकली. ऑगस्ट २०२५ मध्ये कोर्टाने कारवाई थांबवली, तेव्हा माझी गाडी गेलेली होती. पेट्रोलला पंधरा वर्षं, डिझेलला दहा. असा भेद असताना कुठली कंपनी नव्या डिझेल इंजिनावर पैसा घालेल? मारुतीला दोष देऊ नका, हा वारा कुठून येतोय ते बघा.

कातळसडा
तुमचं नुकसान झालं हे वाईटच. पण दिल्लीची हवा बिघडली म्हणून लांज्याच्या बागेतली गाडी कशी असावी हे ठरणार का? पुण्याजवळच्या रांजणगावला बघा, जीपच्या एकाच कारखान्यातून जीप कंपास २०२३ पासून फक्त डिझेलमध्ये निघते आणि रँग्लर फक्त पेट्रोलमध्ये. २०१६ मध्ये रँग्लर इथे आली तेव्हा डिझेलमध्ये होती. जिला खरी लो रेंज आहे तिचंच डिझेल गेलं. हे ठरवणाऱ्याने चढणीवर क्लच सोडून पाहिलाय का?

रिव्हर्सगिअर
रँग्लरच्या पेट्रोलला टर्बो आहे आणि ४०० एनएम. क्लचचा प्रश्नच नाही, ती ऑटोमॅटिक आहे. पण ठीक आहे, तुमचा मुद्दा एका मर्यादेत धरतो. रोज ओझं घेऊन चढणाऱ्याला जिम्नीचं आजचं पेट्रोल अपुरं पडेल. टर्बो असता तर हा धागाच निघाला नसता. तरी नाकावर डिझेलचं वजन टाकलं की जिम्नीची जिम्नी राहणार नाही, यावर मी ठाम आहे. ओझ्याचंच काम असेल तर फोर्सची गुरखा घ्या, २.६ डिझेल, ३२० एनएम.

कातळसडा
गुरखा बघून आलोय. बागेच्या गडग्यातल्या (दगडी कुंपणातल्या) वाटेतून जात नाही, हीच तर अडचण आहे. छोटी, हलकी आणि डिझेल अशी लो रेंजची गाडी आज कोण देतं ते दाखवा. महिंद्राने १५ ऑगस्ट २०२५ ला जे नवे नमुने दाखवले त्यांचा सांगाडा एकापेक्षा जास्त प्रकारची इंजिनं घेणारा आहे म्हणतात. त्यात डिझेल आणि फोर-बाय-फोर दोन्ही एकत्र द्या, एवढंच मी त्यांना लिहिणार आहे.

सुमेधा_नाशिक
लिहाल तर माझंही एक त्यात घाला. फिल्टर किती भरला ते दाखवणारा काटा डॅशबोर्डवर हवा, आणि काजळी कधी जाळायची ते ठरवणारं बटण चालवणाऱ्याच्या हाताशी. म्हणजे गवतातून बाहेर, उघड्या कातळावर गाडी उभी करून मी ते दाबेन. हे दिलं तर मी पुन्हा डिझेलचा विचार करेन.