पाटीवर नसलेला विमानतळ: बसने गेलेल्यांचे अनुभव

सीबीडी बेलापूर

२०२५ च्या नाताळात, २५ डिसेंबरला, उलव्याकडच्या नव्या, नवी मुंबईच्या विमानतळावरून पहिली विमानं उडाली. आमच्या सोसायटीच्या गच्चीवर निम्मी बिल्डिंग जमली होती. पोरं मोबाईल उंच धरून उभी, आणि माझी ७८ वर्षांची आई कठड्याला टेकून मला विचारत होती, "तिथे बस कुठली जाते गं?"

कुठलं विमान, कुठे चाललंय, यातलं काही नाही. बस. ऐकलं आणि आमची जांभळी बस डोळ्यांसमोर आली.

बेस्टच्या त्या जांभळ्या एसी बस अनेकांना आठवत असतील. आम्ही सीबीडीहून वांद्र्याच्या बाजूला जाणारी धरायचो. पाटीवर विमानतळ हा शब्द नव्हता, तरी आमच्या मजल्यावर तिचं नाव विमानतळाची बसच, कारण मजल्यावरच्या तीन घरांतली माणसं आखातात कामाला होती. कलानगरला उतरायचं, हायवे ओलांडून उत्तरेकडे जाणारी बस धरायची, पार्ल्याला उतरायचं, तिथून मुंबईच्या सहार विमानतळापर्यंत रिक्षा. सामान घेऊन एवढं करायला दोन-अडीच तास लागत. तरी आम्ही बसनेच जायचो, कारण बसमध्ये सगळे मावायचे.

भाऊ पहिल्यांदा मस्कतला निघाला तेव्हा आम्ही पाच जण त्याला सोडायला गेलो. आईने बेसनाच्या लाडवांचा डबा मांडीवर धरला होता. तूप गळू नये म्हणून झाकणाच्या कडेने भिजवलेली कणीक लावून डबा बंद केलेला. एसीने ती कणीक वाळून पांढरी पडली आणि मानखुर्दपर्यंत तिला चिरा गेल्या. आई सारखं बोट ओलं करून त्या चिरा लिंपत होती. भाऊ म्हणाला, "आई, कस्टमवाले उघडतील गं." ती म्हणाली, "उघडू देत, त्यांनाही एकेक दे."

१७ एप्रिल २०१७ पासून त्या एसी बस बंद झाल्या. तोटा हे कारण होतं, आणि तोटा खराच होता, मी ते नाकारत नाही. त्या दिवाळीनंतर भाऊ परत निघाला तेव्हा टॅक्सी आली. दोन मोठ्या बॅगा, एक पाठीवरची, तो आणि वहिनी. गाडी भरली. आईने दारातच त्याच्या हातावर दही घातलं आणि गॅलरीत जाऊन उभी राहिली. तेव्हापासून तिने विमानतळ पाहिलेला नाही.

विमानतळाच्या बसचा विषय निघाला की सगळे उडणाऱ्यांचं बोलतात. सोडायला जाणारे, आणायला जाणारे, तिथे रोज कामाला जाणारे, यांचं कुणी लिहीत नाही. म्हणून विचारते आहे. ठाण्यातून, नवी मुंबईतून तुम्ही बसने विमानतळ कसा गाठलात? कुठे चढलात, कुठे उतरलात, हातात काय होतं, आणि ती बस आता आहे का?

वाशी

माझी आठवण १९८४ ची. तेव्हा वाशीला रेल्वे नव्हती, ती आली मे १९९२ मध्ये. खाडीवर एकच पूल, १९७३ चा. पुलावर एक ट्रक बंद पडला की वाशी मुंबईपासून तुटली.

वडील कुवेतला निघाले होते. सुटकेस सुतळीने आडवी-उभी बांधलेली, वर पांढऱ्या रंगाने त्यांचं नाव आणि खाली मोठ्या अक्षरात 'वाशी'. परत येताना कुणी चुकून उचलली तर गाव तरी कळेल, असं आजोबांचं म्हणणं. लाल दुमजली बसने आम्ही सायनला गेलो. कंडक्टरने सुटकेसचं लगेज तिकीट मागितलं. आईने रुमालाची गाठ सोडून नाणी मोजायला घेतली. गाठीत तेवढीच नाणी होती, आणि ती परतीच्या तिकिटांची होती. कंडक्टरने एकदा गाठीकडे पाहिलं, एकदा आमच्याकडे, आणि सुटकेस पायाने सरकवून जिन्याखाली घातली. "राहू द्या वहिनी," म्हणाला आणि पुढे गेला.

सहारचं टर्मिनल तेव्हा तीनच वर्षांचं होतं. मला त्यातलं काही आठवत नाही. तो जिना आणि ती सुटकेस आठवते.

कोपरखैरणे

ताई, तुम्ही कामाला जाणाऱ्यांचं विचारलंत, बरं वाटलं. मी सहारच्या कार्गोत अकरा वर्षं लोडिंगला होतो.

जांभळी एसी माझ्या खिशाची नव्हती. मी साध्या लाल बसचा. दुपारपाळी सुटायची रात्री साडेबाराला. विमानं रात्रीच जास्त उतरतात, त्यामुळे आमच्या पाळ्याही तशाच. वाशीच्या दिशेची शेवटची बस मिळाली तर दीडपर्यंत घरी. सुटली तर कुर्ला स्टेशन, आणि हार्बरची पहिली लोकल येईपर्यंत बाकड्यावर बसून राहायचं. तिथे आमचा एक ठरलेला गोतावळाच झाला होता. सफाईच्या दोन मावशी, कॅन्टीनचा एक मुलगा, एक सिक्युरिटीवाले काका. सगळे त्याच विमानतळाचे. मावशी घोंगडीसारखी जाड शाल आणायच्या आणि ज्याला ताप असेल त्याला द्यायच्या.

पुढे रात्रीच्या फेऱ्या कमी झाल्या. कधी आणि कुणी केल्या ते आम्हाला कुणी सांगितलं नाही. एक दिवस स्टॉपवर तासभर उभं राहिल्यावर पानवाल्याने सांगितलं. मग आम्ही चौघं मिळून टॅक्सी करू लागलो. पगारातला किती भाग त्यात जायचा ते मी घरी नीट कधी सांगितलंच नाही.

९ जुलै २०१९ ला बेस्टचं भाडं उतरलं. कमीत कमी ५ रुपये, एसीला ६. पंधरा किलोमीटरच्या पुढे कितीही लांब गेलं तरी साध्या गाडीला २० आणि एसीला २५. त्या आठवड्यात मी पहिल्यांदा एसी बसमध्ये बसलो, वयाच्या चाळिशीत.

आणि लॉकडाऊन. २०२० च्या मार्च अखेरपासून मेच्या शेवटच्या आठवड्यापर्यंत देशातली प्रवासी विमानं जमिनीवर होती, पण कार्गो चालू होतं. औषधं, किट, सगळं त्यातून यायचं. ओळखपत्र दाखवून बसमध्ये चढायचं, एका सीटवर एकच माणूस. सायनचा चौक मी त्या दिवसांत पाहिला तसा परत कधी पाहणार नाही. सिग्नल आपला लाल-हिरवा होतोय आणि समोर एक कुत्रा झोपलेला. ड्रायव्हरने हॉर्न न देता गाडी बाजूने काढली.

कळवा

मी निवृत्त वाहक. एसी गाडीवर साधारण तीन वर्षं काढली. वरचं वाचून राहवलं नाही.

सकाळी आणि संध्याकाळी आमच्या खुर्च्या भरायच्या. दुपारी गाडी रिकामी, पण डिझेल तेवढंच जळायचं, एसी तेवढाच चालायचा. रात्री वेबिल, म्हणजे दिवसभराच्या तिकिटांचा हिशेब, भरताना आकडा लिहायला हात जड व्हायचा. बंद होणार हे आम्हाला दोन वर्षं आधी दिसत होतं. शेवटचा दिवस १६ एप्रिल, रविवार. ऑफिसवाले नव्हतेच. दुसऱ्या दिवशी सोमवारी ते स्टॉपवर आले असतील तेव्हा गाडी नव्हती.

विमानाला जाणारा माणूस आम्ही चढतानाच ओळखायचो. बॅगेवरून नाही. बॅग काय, लग्नाला जाणाऱ्याकडेही असते. विमानाचा माणूस छातीकडे हात नेतो. शर्टाच्या आत पासपोर्ट असतो, तो दर पाच मिनिटांनी चाचपतो. असा माणूस दिसला की मी त्याला ड्रायव्हरच्या मागच्या सीटवर बसवायचो, म्हणजे उतरताना सामान लांब ओढावं लागत नाही.

एकदा सायनच्या अलीकडे गाडी अडकली ती हलेचना. असाच एक पोरगा, बाविशीचा, दोन बॅगा, पहिलंच विमान. तो नुसता माझ्याकडे बघत राहिला. मी म्हटलं, इथेच उतर, सायन स्टेशन गाठ, दादरला बदल, पश्चिम रेल्वेने पार्ल्याला जा. त्याला पश्चिम, मध्य काही उमजेना. तेवढ्यात मागून एक कॉलेजचा मुलगा उठला, "चल, मी येतो," म्हणाला, आणि एक बॅग उचलून त्याच्याबरोबर खाली उतरला. त्या मुलाचा स्टॉप सायन नव्हता, तिकीट वांद्र्याचं होतं. तिकीट मीच फाडलेलं, म्हणून मला माहीत.

त्याला विमान मिळालं का, हे मला आजतागायत कळलेलं नाही. नोकरीत असंख्य माणसं चढली-उतरली. हीच दोघं राहिली.

सीबीडी बेलापूर

काका, आईला हे मोठ्याने वाचून दाखवलं. तिने दोनदा वाचायला लावलं. मग म्हणाली, मिळालं असणार, दोघं होते ना.

ऐरोली

१९९९ मध्ये ऐरोलीचा पूल झाला आणि आमचं जग बदललं. आधी वाशीला वळसा घालून सगळं. नंतर मुलुंडमार्गे पवईचा रस्ता, अंधेरीच्या बसने मरोळ नाका. लेकीला शिकायला पाठवलं तेव्हा आम्ही असेच गेलो. येताना बसमध्ये मी आणि हे, दोघं, एक शब्द बोललो नाही. पूल लागला तेव्हा ह्यांनी खिडकी उघडली.

नौपाडा, ठाणे

ठाणेकरांचंही थोडं. जून २०१४ मध्ये घाटकोपर-वर्सोवा मेट्रो सुरू झाली तेव्हा वाटलं, सुटलो. लोकलने घाटकोपर, मेट्रोने 'एअरपोर्ट रोड'. स्टेशनच्या नावातच एअरपोर्ट! बाबांना परदेशी भावाकडे पाठवायचं होतं. स्टेशनबाहेर आलो तर टर्मिनल तिथून चांगलंच लांब. रिक्षा केली. सहारचा नवा उन्नत मार्ग त्याच वर्षी फेब्रुवारीत खुला झाला होता, पण त्यावर रिक्षाला बंदी. रिक्षावाल्याने खालच्या रस्त्याने जमेल तेवढं नेलं आणि तिथून आम्ही चालत. बाबांचे गुडघे तेव्हाच गेलेले. ते दर वीस पावलांवर थांबायचे आणि मला सांगायचे, "तू बघ रे, विमान किती मोठं आहे," म्हणजे मी त्यांच्याकडे बघू नये म्हणून.

ऑक्टोबर २०२४ पासून भुयारी मेट्रो थेट टी-टू, म्हणजे सहारच्या टर्मिनलच्या, खाली जाते. मरोळ नाक्याला बदललं की पुढचंच स्टेशन. ज्यांनी ती बांधली त्यांचे मी मनापासून आभार मानतो. पहिल्याच आठवड्यात मी एकटाच, काही काम नसताना, तिथपर्यंत जाऊन आलो. बाबा २०२१ मध्ये गेले.

तरी बेलापूरच्या ताईंनी बसबद्दल लिहिलंय ते मला पटतं. लोकल, मग मेट्रो, मग दुसरी मेट्रो, एवढे जिने, सरकते का असेनात, सामान आणि म्हातारं माणूस घेऊन चढायचे. बस दारातून उचलते.

करंजाडे

इथे सगळे विमानतळाला जाणाऱ्या बसचं लिहितायत. आमची बस विमानतळामुळे गेली, तेही लिहिलं तर चालेल ना?

चिंचपाडा, कोल्ही, कोपर, उलवे, गणेशपुरी, तरघर, कोंबडभुजे, वाघिवली वाडा, वाघिवली, वरचे ओवळे. नव्या विमानतळासाठी उठलेली ही दहा गावं. आम्ही चिंचपाड्याचे. पनवेलहून गाडी यायची. आमच्याकडे एसटीला एसटी कुणी म्हणत नसे, नुसती गाडी. सकाळच्या गाडीला मासळीच्या पाट्या वर चढायच्या आणि कॉलेजची पोरं नाक दाबून मागे जायची. माझी आई त्याच गाडीने पनवेलच्या बाजाराला जायची. परत येताना वाहकाला गाव सांगावं लागत नसे. ती चढली की तिकीट हातात.

भूमिपूजन झालं फेब्रुवारी २०१८ मध्ये. त्याच्या आगेमागे घरं रिकामी होत गेली. उलव्याची टेकडी सुरुंगांनी फोडली, उलवे नदीचा ओघ वळवला. काही जण वडघरला गेले, काही वहाळला, आम्ही करंजाड्याला. प्लॉट मिळाला, घर चांगलं झालं, मुलाला काम लागलं. हेही खरं आहे आणि मी ते लपवणार नाही. विमानतळाला लोकनेते दि. बा. पाटील यांचं नाव मिळावं म्हणून आमच्या घरातले सगळे मोर्चाला गेले होते, आईसुद्धा.

गेल्या महिन्यात तिला पनवेलला डोळ्यांच्या तपासणीला नेलं. येताना बसमध्ये ती पुढे बसली, मी मागे उभा. डोळ्यांत थेंब घातलेले, तिला नीट दिसत नव्हतं. वाहक आला. तिने सवयीने पैसे पुढे केले आणि म्हणाली, "चिंचपाडा."

पोरगा नवीन होता, परभणीकडचा असावा बोलण्यावरून. त्याने मशीनमध्ये शोधलं. वर केलं, खाली केलं. "आजी, कुठे आलं हे?" तिने खिडकीकडे हात केला. मी पुढे सरकेपर्यंत शेजारची बाई म्हणाली, "आत्याबाई, ते नाही मिळायचं आता. करंजाडे सांगा."

आई थोडा वेळ गप्प बसली. मग त्याला म्हणाली, "दोन दे. मागे मुलगा आहे."