दाखला हातात देणं एवढं सोपं नाहीये

एकांनी लिहिलंय की शाळेत मारामारी करणाऱ्या पोराच्या हातात सरळ शाळा सोडल्याचा दाखला द्यायचा, बाकीची आपोआप सुधारतील. अहो पण आठवीपर्यंत शाळेला तसं करताच येत नाही. २००९ च्या आरटीई, म्हणजे शिक्षण हक्क कायद्याचं कलम १६ बघा, प्राथमिक शिक्षण पूर्ण होईपर्यंत कुठल्याच मुलाला काढता येत नाही, आणि कलम १७ नुसार मारणं आणि मानसिक छळ दोन्ही बंद. २०१९ ला दुरुस्ती झाली ती पाचवी-आठवीत नापास करण्यापुरती, काढून टाकायची बंदी तशीच आहे. (अल्पसंख्याक शाळांना २०१४ च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालामुळे हा कायदा लागू नाही, ते वेगळं.)

आता प्रत्यक्षात काय होतं, तर शाळा काढत नाही, पालकांना बोलवून बोलवून एवढं हैराण करते की तेच दाखल्याचा अर्ज लिहून देतात, कागदावर सगळं स्वखुशीने! म्हणून असा अर्ज घाईत लिहून देऊ नका, तक्रार काय आहे ते आधी लेखी मागा.

आणि खरी चाळणी लागते नववीत. तिथे हे संरक्षण संपतं, मग दहावीचा शंभर टक्के निकाल लावायचा म्हणून कच्च्या पोरांना सांगतात, सतरा नंबरचा, म्हणजे खासगी विद्यार्थ्याचा फॉर्म भरून बाहेरून बसा. त्यात मस्तीखोर किती आणि नुसते गणितात कच्चे किती, हे कोणी विचारतं का?