नाइंटीची एक बाजू आणि बिघडत गेलेले बँड

झिरोमाइल

निमित्त घरचंच आहे. परवा माळा आवरताना कॅसेटचा डबा सापडला. त्यात सीताबर्डीवरून गाणी भरून आणलेली एक नाइंटी, म्हणजे ९० मिनिटांची कॅसेट, निघाली. एका बाजूला मेटॅलिका या रॉक बँडचा 'मास्टर ऑफ पपेट्स' अल्बम, दुसऱ्या बाजूला 'राइड द लाइटनिंग'. ओरिजिनल इंग्रजी कॅसेट घेण्याइतके पैसे खिशात नसायचे, म्हणून कोरी कॅसेट द्यायची आणि दोन दिवसांनी भरलेली आणायची.

आता गंमत बघा. 'पपेट्स' जवळपास ५५ मिनिटांचा, कॅसेटची बाजू ४५ ची. त्यामुळे सातवं गाणं 'ओरायन' मधेच तुटायचं. सगळा गदारोळ थांबून क्लिफ बर्टनची बेस गिटार संथ लयीत सुरू होतो, नेमकं त्याच सुमारास खटकन बटण वर! पुढे आठवं गाणं आहे हेसुद्धा मला कित्येक वर्षं माहीत नव्हतं.

पण त्या तुटलेल्या कॅसेटनं माझं एक मत पक्कं झालं. आमच्या वेळचे रॉक बँड वयानं किंवा पैशानं बिघडले असं सगळे म्हणतात. मेटॅलिकानं केस कापले म्हणून बिघडली, असं म्हणणारे तर अजूनही भेटतात. मी म्हणतो, त्यांना सीडीनं बिघडवलं. एलपीवर, म्हणजे जुन्या मोठ्या तबकडीवर, दोन्ही बाजू मिळून ४०-४५ मिनिटं बसायची, ताणली तर थोडी जास्त. त्यामुळे आठ-नऊ गाणी निवडावी लागत आणि उरलेली टाकून द्यावी लागत. सीडी आली आणि टाकायची गरजच संपली. मेटॅलिकाचा १९९६ चा 'लोड' घ्या. १४ गाणी, ७९ मिनिटं. सीडीत आणखी एक ढेकरसुद्धा मावली नसती. २००३ चा 'सेंट अँगर' ७५ मिनिटांचा, आणि त्यात एक गिटार सोलो नाही! गन्स एन रोझेसचा १९८७ चा पहिला अल्बम ५३ मिनिटांचा होता, त्यातलं मला काहीच टाकवत नाही. १९९१ मध्ये त्यांनी एकाच दिवशी दोन अल्बम काढले, मिळून ३० गाणी आणि अडीच तास. त्यातला एक फक्कड अल्बम मी आत्ता बसून काढून देतो.

उलट एसी/डीसी बघा. १९८० चा 'बॅक इन ब्लॅक' ४२ मिनिटं, २०२० चा 'पॉवर अप' ४१ मिनिटं. चाळीस वर्षांत एका मिनिटाचा फरक. ते टिकले.

बोला आता.

तर्री_एक्स्ट्रा

बाप्पा, गाणं ऐकायचं सोडून घड्याळ काहून पाहून राह्यले भाऊ? एसी/डीसी टिकला कारण त्यानं बदल केलाच नाही. चाळीस वर्षं तेच तीन कॉर्ड. आपल्या पोह्यावाल्याचं तसंच आहे ना, तर्री तीच, रांग तीच. कोणी म्हणते का आता पोह्यात क्विनोआ टाक? मेटॅलिकानं टाकला, मग झालं ते झालं.

धरमपेठी

नागपूरकराला तर्रीशिवाय दुसरी उपमा सुचत नाही का?

असो. झिरोमाइल, तुम्ही आकडे निवडून आणले आहेत. एसी/डीसीचाच २००८ चा 'ब्लॅक आइस' ५५ मिनिटांचा आहे, तो सोयीनं विसरलात. पिंक फ्लॉइडचा 'द वॉल' (१९७९) ८१ मिनिटांचा. लेड झेपलिनचा 'फिजिकल ग्राफिटी' (१९७५) ८२ मिनिटांचा. दोन्ही एलपीच्याच काळातले. मर्यादा अडचणीची वाटली की लोक सरळ दुसरी तबकडी जोडत.

आणि आयर्न मेडनचं काय करणार? 'द बुक ऑफ सोल्स' २०१५ चा, ९२ मिनिटांचा. शेवटचं गाणं एकटंच १८ मिनिटांचं, १९३० साली कोसळलेल्या आर-१०१ या ब्रिटिश एअरशिपवर. त्यांचा गायक ब्रूस डिकिन्सननं पियानोवर बसून रचलेलं. स्थापनेनंतर चाळीस वर्षांनी हे करणाऱ्या बँडला ढासळलेला म्हणायचं? हाच बँड १९९८ मध्ये, डिकिन्सन नसताना, ५३ मिनिटांचा 'व्हर्च्युअल इलेव्हन' काढून बसला होता. लांबीला तो जवळपास निम्मा आहे. ऐकवत नाही. १९९९ मध्ये डिकिन्सन आणि गिटारवाला एड्रियन स्मिथ परत आले तेव्हा कुठं घडी बसली.

मी २००८ च्या फेब्रुवारीत विदर्भ एक्सप्रेसनं मुंबईला त्यांना ऐकायला गेलो होतो. त्या दौऱ्यात डिकिन्सन स्वतः बँडचं बोइंग ७५७ चालवत फिरत होता. स्टेजवर दोन तास पळताना एकदाही धापलेला दिसला नाही. म्हातारपण, सीडी, सगळ्या सबबी आहेत.

झिरोमाइल

'बुक ऑफ सोल्स' मीही ऐकलाय. ते १८ मिनिटांचं गाणं मान्य. पण मधली दोन-तीन गाणी काढली तर कोणाला कळणारही नाही. हात छातीवर ठेवून सांगा, पूर्ण अल्बम एका बैठकीत किती वेळा ऐकलात?

धरमपेठी

दोनदा.

पण दोन्ही वेळा एकही गाणं पुढे ढकललं नाही.

बेसवाला

मी आपलं इंजिनिअरिंग कॉलेज व्हीएनआयटी अजून व्हीआरसीई होती तेव्हा तिथल्या 'आरोही' महोत्सवात बेस वाजवला आहे, म्हणजे २००२ च्या आधी. आमचा बँड दीड वर्ष टिकला. त्या दीड वर्षात एक शिकलो, सीडीबिडी नंतर. बँडमध्ये 'हे नको' म्हणणारा माणूस हवा. आमच्यात तो ड्रमर होता. तो नोकरीला हैदराबादला गेला आणि पुढच्या कार्यक्रमात आम्ही बारा मिनिटांचा सोलो वाजवला. अर्धं सभागृह चहाला गेलं.

पिंक फ्लॉइड बघा. १९७५ चा 'विश यू वेअर हिअर', पाच ट्रॅक, ४४ मिनिटं. १९८३ चा 'द फायनल कट' जवळजवळ तेवढाच. तुमच्या गणितानं दोन्ही सारखेच उतरायला हवे होते. पण तोवर कीबोर्डवाला रिक राइट बँडबाहेर गेला होता आणि सगळी गाणी एकट्या रॉजर वॉटर्सची. त्याला थांबवणारं उरलं कोण? तो अल्बम वॉटर्सच्या डायरीसारखा वाटतो. डायरी म्हणून चांगली आहे, मी नाकारत नाही.

मेटॅलिकाचंही तेच. १९९१ च्या काळ्या मुखपृष्ठाच्या अल्बमला बॉब रॉक निर्माता होता, तो यांच्याशी भांडला, पुन्हा पुन्हा वाजवायला लावलं. अमेरिकेत दीड कोटीहून जास्त प्रती गेल्या त्या उगाच नाही.

झिरोमाइल

वा! आणि तोच बॉब रॉक 'लोड'ला होता. तोच 'सेंट अँगर'ला होता. बेसवाला जेसन न्यूस्टेड २००१ मध्ये सोडून गेल्यावर 'सेंट अँगर'वर बेससुद्धा त्यानंच वाजवला. मग तुमचा 'नको' म्हणणारा तेव्हा कुठं गेला होता?

बेसवाला

बेस हातात घेतला तिथंच तो निर्माता राहिला नाही, बँडमधला झाला. स्वतःच्या पंगतीत बसलेला माणूस मीठ जास्त झालं म्हणत नाही.

जाता जाता: न्यूस्टेडचं नाव काढलंत म्हणून. १९८८ च्या 'अँड जस्टिस फॉर ऑल'मध्ये त्याचा बेस जवळजवळ ऐकूच येत नाही. आम्हा बेसवाल्यांचा हा जुना व्रण आहे. तेव्हा 'ढासळण्याची' तारीख मला विचाराल तर मी १९९६ नाही, १९८८ सांगेन.

तंबोरा

मी रॉकवाली नाही, भावामुळे कानावर पडत गेलं एवढंच. पण वेळेच्या मुद्द्यावर राहवलं नाही. आपल्याकडे ७८ च्या, म्हणजे मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या, तबकड्या होत्या, एका बाजूला तीन-साडेतीन मिनिटं. अब्दुल करीम खाँसाहेबांनी तेवढ्यात राग उभा केला आहे. आलाप, बंदिश, तान, सगळं त्या तीन मिनिटांत. माझे वडील म्हणायचे, अत्तराची कुपी आहे. म्हणजे झिरोमाइल यांचं बरोबर?

पण हेच गवई मैफलीत एक राग तास तास गात. तिथं ताणलं म्हणून कोणी उठून गेलं नाही. ज्याच्याकडे तासभराचा ऐवज आहे त्याची तीन मिनिटं भरगच्च होतात. ज्याच्याकडे तीन मिनिटांचाच आहे त्याला ७९ मिनिटं द्या नाहीतर सात. तुमच्या लोकांकडे १९९६ मध्ये ऐवज किती उरला होता, हा प्रश्न विचारा. तबकडी कशाला दोषी?

झिरोमाइल

ताई, हे लागलं. उत्तर शोधतो.

नवेकान

काका लोकहो, मी विसाव्या शतकात जन्मलेले नाही. मेटॅलिकाचा मी ऐकलेला पहिला अल्बम २०१६ चा 'हार्डवायर्ड'. शाळेत होते, भारी वाटला. मग उलटी मागे गेले. माझ्या मैत्रिणींना तर 'मास्टर ऑफ पपेट्स' हे गाणं २०२२ मध्ये एका वेब सिरीजमुळे कळलं. आम्हाला कोणी सांगितलंच नव्हतं की १९९१ नंतरचं ऐकायचं नसतं. 'सेंट अँगर'चा तो डबा बडवल्यासारखा ड्रम मला आवडतो. खरंच आवडतो.

मला वाटतं तुम्ही ज्या वयात कॅसेट भरून आणत होतात, त्या वयाचं कौतुक बँडच्या नावावर जमा करून राहिला आहात.

आणि आपल्या देशातल्या बँडवर कोणीच कसं बोललं नाही? इंडियन ओशन. 'कंदिसा' अल्बम २००० चा. २००९ मध्ये असीम चक्रवर्ती गेले, तबला आणि आवाज दोन्ही गेलं. २०१३ मध्ये सुष्मित सेन बाहेर पडले, म्हणजे ती ओळखीची गिटारही गेली. तरी 'मसान' सिनेमाची त्यांची गाणी २०१५ ची आहेत. यात कुठं सीडी आली आणि कुठं बॉब रॉक?

तर्री_एक्स्ट्रा

पोरगी बरोबर बोलून राह्यली. 'मसान'साठी माझाही हात वर.

धरमपेठी

'मसान' मान्य, पण असीमदांशिवाय 'कंदिसा' ऐकायला बसा बरं. प्रश्न तोच राहतो. दुकानाची पाटी तीच, आत बसणारे वेगळे. त्याला टिकणं म्हणायचं का? लेड झेपलिननं १९८० मध्ये ड्रमर जॉन बोनम गेल्यावर दुकानच बंद केलं. तेही एक उत्तर आहे.

बेसवाला

लवकर बंद केलेलं दुकान कधीच तोट्यात जात नाही. त्यांना या धाग्यात घेऊ नका, अन्याय होतो बाकीच्यांवर.

झिरोमाइल

तंबोराताईंच्या प्रश्नावर दोन रात्री घालवल्या. 'लोड' पुन्हा पूर्ण ऐकला, वर्धा रोडवर, येता-जाता. ऐवज आहे का ते बघायला त्याची एक ४५ मिनिटांची बाजू भरली, या वेळी फोनवर. 'अन्टिल इट स्लीप्स', 'किंग नथिंग', 'हीरो ऑफ द डे', 'ब्लीडिंग मी', 'द हाउस जॅक बिल्ट' आणि 'द आउटलॉ टॉर्न'. साधारण ३९ मिनिटं. कॅसेटच्या जमान्यात हा अल्बम असा आला असता तर आम्ही डोक्यावर घेऊन नाचलो असतो. ऐवज होता, ताई. पाचोळ्याखाली होता.

धरमपेठी

यादी चांगली आहे. पण 'आउटलॉ टॉर्न' घेतलंत आणि स्वतःच्याच पायावर धोंडा मारून घेतलात. सीडीत मावेना म्हणून मेटॅलिकानं ते गाणं शेवटून सुमारे एक मिनिट छाटलं होतं. पूर्ण आवृत्ती नंतर एका सिंगलवर वेगळी काढावी लागली. म्हणजे मर्यादा तेव्हाही होती! तिनं काय केलं? पाचोळा तसाच ठेवला आणि तुमच्या यादीतल्या सगळ्यात चांगल्या गाण्याची शेपटी कापली. अगदी तुमच्या 'ओरायन'सारखी.

झिरोमाइल

हे माहीत नव्हतं. पूर्ण आवृत्ती आत्ता लावली आहे.

नवेकान

काका, तुमच्या ३९ मिनिटांत अजून सहा शिल्लक आहेत. 'लोड'मधलंच 'मामा सेड' पाच मिनिटं वीस सेकंदांचं आहे. बसतंय.

झिरोमाइल

बसत असलं तरी ते यादीत येणार नाही.