मदत हवी आहे: क्रिप्टोचा ग्रुप फुटायला आलाय, दोन करून टाकू का?

नमस्कार मंडळी,

मी सांगलीचा. मार्च २०२० मध्ये सुप्रीम कोर्टाने बँकांना क्रिप्टोपासून लांब ठेवणारं रिझर्व्ह बँकेचं २०१८ चं परिपत्रक रद्द केलं, त्यानंतर आम्ही आठ-दहा जणांनी टेलिग्रामवर ग्रुप काढला. आता साडेतीनशे जण आहेत. मिरज, तासगाव, आणि विट्याकडची गलाईवाल्यांची पोरं तर बरीच. (घरचे सोनं गाळणारे, पोरगं बिटकॉइनवाला. त्यांच्या घरातली भांडणं वेगळीच.)

सुरुवातीला कामाचं बोलणं व्हायचं. सीडचे, म्हणजे वॉलेट परत मिळवायच्या चावीचे, बारा शब्द कागदावर लिहून कुठे ठेवायचे, २०२२ मध्ये क्रिप्टोवर ३० टक्के कर आणि १ टक्का टीडीएस आला तेव्हा रिटर्न कसं भरायचं. एका कॉइनमधला तोटा दुसऱ्याच्या नफ्यातून वजा करता येत नाही, हे कित्येकांना आमच्याच ग्रुपवर कळलं.

आता सरळ दोन तट आहेत. एक 'फक्त बिटकॉइन, बाकी सगळा कचरा' म्हणणारा, दुसरा नवीन कॉइनवाल्यांचा. कुणी शंका काढली की 'फड पसरवू नको'. हा एफयूडी, म्हणजे मुद्दाम पसरवलेली भीती आणि संशय. आम्हाला उसाचा फड माहीत, कुस्तीचा माहीत, हा तिसराच निघाला.

नुसती भांडणं असती तर इथे लिहिलं नसतं. एप्रिलमध्ये तासगावकडच्या एका पोराने विचारलं, 'एक अ‍ॅप महिन्याला ८ टक्के देतंय, पण पैसे काढायला गेलं की आधी फी भरा म्हणतंय. भरू का?' पाच मिनिटांत जुंपली. बिटकॉइनवाले म्हणतात तुमच्यासारख्यांमुळे बिटकॉइन बदनाम, नवीन कॉइनवाले म्हणतात या मॅक्सी, म्हणजे 'फक्त बिटकॉइन'वाल्या लोकांचं ऐकू नको. दीडशे मेसेज पडले, पण 'भरू नको' एवढं कुणी लिहिलं नाही. मीही नाही. अ‍ॅडमिन असून मी स्टिकर टाकत बसलो होतो. त्याने फी भरली. द्राक्षाचे पैसे होते.

दुसऱ्या तटाचा म्होरक्या माझा सख्खा मावसभाऊ. पूर्वी रविवारी आमराईत सोबत फिरायचो, आता लग्नात दिसला तर मी दुसऱ्या पंगतीला बसतो. तो म्हणतो दोन ग्रुप कर, विषय संपव. करू का?

कृष्णाकाठ: विषय संपत नाही भावा. २०१५ ला ब्लॉक, म्हणजे व्यवहार नोंदवायच्या वहीचं एक पान, १ एमबीचाच ठेवायचा की मोठा करायचा, यावर बिटकॉइनवाले असेच भांडले. रेडिटवरच्या मुख्य ग्रुपवर मॉडरेटर मोठ्या ब्लॉकवाल्यांच्या पोस्ट काढायला लागले, मग ती मंडळी दुसऱ्या ग्रुपवर जमली. १ ऑगस्ट २०१७ ला ८ एमबी ब्लॉकचं बिटकॉइन कॅश वेगळं निघालं. मिटलं का? नोव्हेंबर २०१८ मध्ये त्यांच्यातच फूट पडून बिटकॉइन एसव्ही झालं. आपल्याकडे भाऊबंदकीत बांधाला बांध लागतो, तसंच.

हळदवाला: फोडा. रोजची कटकट कशाला?

साताराकर_ताई: फोडू नका. टेलिग्रामवर टॉपिकची, म्हणजे एकाच ग्रुपात विषयवार कप्पे करायची सोय आहे. 'प्रश्न' म्हणून एक वेगळा काढा, तिथे टोमणा मारला की मेसेज उडवायचा, मग तो तुमच्या मावसभावाचा असो नाहीतर तुमचा स्वतःचा. आणि ग्रुपला स्लो मोड लावा, माणशी तासाला एक मेसेज. निम्म्यांचा जोर तिथेच उतरतो. पण मला एक सांगा, त्या पोराला १९३० या सायबर हेल्पलाइनवर तक्रार करायला सांगितलंत का? सायबर फसवणुकीत जितका उशीर, तितके पैसे मिळणं अवघड.

धागाकर्ता: नाही हो ताई. डोक्यातच आलं नाही. आत्ता फोन केला त्याला. बागेत आहे म्हणाला, संध्याकाळी स्क्रीनशॉट आणि बँकेचं स्टेटमेंट घेऊन येतोय. सायबर पोलिसांकडे मावसभावाची ओळख आहे, म्हणजे आता त्यालाही फोन लावायला लागणार.