स्ट्रॉबेरीला क्रॉप कव्हर: किती जीएसएमचं घ्यावं?

लिंगमळा_शिवार:
रामराम मंडळी. महाबळेश्वरजवळ लिंगमळ्याकडं २० गुंठ्यांत स्ट्रॉबेरी आहे, विंटर डॉन आणि नाबिला या जातींची. लागण सप्टेंबरअखेरची, मल्चिंग आणि ठिबक आहे. फुलं जोमात आहेत, पण या आठवड्यात पहाटे पानांवर हिमकण दिसले आणि बऱ्याच फुलांचा मधला भाग काळा पडलाय. क्रॉप कव्हर, म्हणजे पिकावर झाकायचं कापड, घ्यायचं म्हणतोय. किती जीएसएमचं (चौरस मीटरला किती ग्रॅम वजनाचं) घेऊ? दिवसा ठेवलं तर चालतं का?

भिलार_बागायत:
दादा, मधोमध काळं पडलेलं फूल गेलं समजा. पाकळ्या पांढऱ्याशुभ्र राहतात, पण फळ धरत नाही. बाकीची वाचवायची तर १७ जीएसएमचं नॉनवोव्हन (न विणलेलं) कापड घ्या. एक-दोन अंशांचा फरक पडतो आणि बहुतेक रात्री तेवढ्यावर भागतं. कापड नुसतं अंथरू नका, तारेच्या कमानी करा. जिथं ते फुलाला टेकतं तिथंच गारठा लागतो. आणि दुपारी चारच्या सुमारास, ऊन असतानाच झाका. जमिनीत साठलेली ऊब आत राहिली पाहिजे, जेवणं उरकून झाकलं तर कोंडायला ऊब उरलेलीच नसते. वाफा कोरडा असेल तर आधी ठिबक सोडा, ओली माती ऊब जास्त धरते. कडा मातीनं नीट दाबा.

वाईची_ताई:
दिवसा मात्र काढायचंच, निदान फुलोऱ्यात तरी. कव्हर असलं की मधमाशी आत येत नाही. फळावर जे बारीक बी दिसतं ना, त्यातल्या ज्याला पराग मिळत नाही त्याच्याभोवतीचा गर फुगत नाही. मग फळ वेडंवाकडं होतं आणि दोन नंबरात जातं. बांधावर सातेरी मधमाश्यांची पेटी असेल तर फारच छान. शिवाय आत दमटपणा कोंडला की राखाडी बुरशी आलीच.

लिंगमळा_शिवार:
ताई, रोज काढायचं-घालायचं म्हणजे मजूर लागणार. ३० जीएसएमचं घेऊन दोन-तीन दिवस तसंच ठेवलं तर?

वाईची_ताई:
नको भाऊ. जाड कापडानं उजेड अडतो, मधमाशीचा प्रश्न तसाच राहतो. एकच कड मोकळी करून कापड वाफ्याच्या बाजूला गुंडाळून ठेवा, दोन माणसांत २० गुंठे सहज उरकतात. आभाळ निरभ्र आणि वारा पडलेला, अशाच रात्री झाका, रोज गरज नाही.

भिलार_बागायत:
ताईंशी सहमत. झाकून ठेवलेल्या वाफ्यात लाल कोळी ही कीडही पटकन वाढते. कापड काढाल तेव्हा चार पानं उलटून भिंगानं बघत जा.